काचेखालची वीतभर जागा

अहिल्यानगर,
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. सोनू,


तुझा फोन आला तेव्हा मी बारकीचे पाय पुसत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. तुला स्वतःचं टेबल मिळालं हे ऐकून फार बरं वाटलं. माझी पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर गेली, त्यामुळे त्यातला आनंद मला कळतो. "मावशी, टेबलावर काय ठेवू?" असं तू विचारलंस. तेव्हा सुचलं नाही ते आता लिहिते.

सरकारी टेबलावर काय असावं याचा धडा सगळ्या राज्याला आपल्याच जिल्ह्याने दिला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतली बसण्याची मांडणी बदलली, दप्तराची वर्गवारी लावून घेतली आणि कोणता कागद कुठे सापडेल हे ठरवून दिलं. तोच लखिना पॅटर्न. सहा गठ्ठे तुला पाठ करावे लागतील: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि सहावा, नष्ट करायच्या 'ड' वर्गाच्या कागदांचा. 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' 30 वर्षं, 'ड' 1 वर्ष. पोरी, हे कंटाळवाणं वाटेल, पण मन लावून शीक. खेड्यावरून एसटीने आलेल्या म्हातारीला तिच्या नवऱ्याच्या वेळचा कागद त्याच दिवशी हातात मिळाला, की ती कशी बघते ते मी पाहिलंय. तो कागद सापडतो कारण कुणीतरी तो नीट लावून ठेवलेला असतो.

बारकी मला त्या सहाव्या गठ्ठ्यात सापडली.

जानेवारी 2025 मध्ये सगळ्या सरकारी कार्यालयांना 100 दिवसांचा कार्यक्रम लागला होता. आम्ही जुनं दप्तर उपसत होतो. मागच्या पडवीत 'ड' चे गठ्ठे रचले होते, आणि नगरची जानेवारीतली थंडी तुला ठाऊक आहेच. सकाळी शिपाईमामा गठ्ठा उचलायला गेले तर सुतळी सुटलेली, कागद विस्कटलेले आणि मधोमध कुत्र्याचं मुठीएवढं पिल्लू. तिची आई दोन दिवसांपूर्वी रस्त्यावर गाडीखाली गेली होती. भावंडं कुठे गेली ते कळलं नाही. मामा तिला बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, माझ्यापुढे घेऊन आले. "बाई, आवक आलीय," एवढंच म्हणाले. बारनिशीत आली, आणि होतीही इतकी बारकी. नाव तिथेच पडलं.

पंधरा दिवसांत तिला पार्वो झाला. हा विषाणू आतड्याचं अस्तरच खाऊन टाकतो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि अंगातलं पाणी संपत जातं. त्याच्यावर थेट औषध नाही. सलाईन लावायचं, अंग गरम ठेवायचं आणि वाट पाहायची. मी दिवसा ऑफिस करत होते आणि रात्री दर तासाला उठत होते. तिसऱ्या रात्री तिने मान टाकली, तेव्हा मी देव्हाऱ्यातला भंडारा तिच्या कपाळाला लावला. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं. कोरठणच्या देवाला एवढं एक मागावं असं वाटलं. पहाटे तिने माझ्या बोटावरचं पाणी चाटलं.

पुढे कधीतरी नेहरूंच्या आत्मचरित्रात वाचलं की डेहराडूनच्या तुरुंगात त्यांनीही एका आजारी पिल्लाची अशीच शुश्रूषा केली होती, रात्रीतून कितीतरी वेळा उठून. नेहरू म्हटलं की मला आपला भुईकोट किल्लाच आठवत असे, 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरात त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे बसून लिहिलं म्हणून. आता ते पिल्लूही आठवतं.

पण त्या किल्ल्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मौलाना आझादांचं टेबल. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना पकडून इथे आणलं. तिथे त्यांनी एका मित्राला पत्रं लिहिली, जी पाठवता येणार नव्हती. 1946 मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यात पहाटेच्या चहाबद्दल किती जीव लावून लिहिलंय! आणि चिमण्या. छताला घरटी बांधून त्या खोलीभर काड्या पाडायच्या. आधी मौलाना छत्री घेऊन त्यांच्या मागे लागले. मग लढाई सोडली आणि तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. हळूहळू चिमण्या हातावरचे दाणे टिपू लागल्या. मौलानांनी त्यांना नावंसुद्धा दिली. एप्रिल 1943 मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली आणि त्यांना शेवटची भेटही झाली नाही. ते दुःख आणि त्या चिमण्या एकाच पुस्तकात आहेत. ज्या खोलीतलं काहीच आपलं नाही, तिथे माणसाने इतकं आपलेपण उभं केलं. मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसले होते.

तर माझं टेबल. काचेखाली डाव्या हाताला आईचा फोटो, मधे सुट्ट्यांची यादी, आणि उजव्या कोपऱ्यात वीतभर जागेत बारकी: सहाव्या गठ्ठ्यावर बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. मामांनी त्याच दिवशी काढलेला फोटो आहे तो. शेजारी एक लाकडी मूठ आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं आणि शिक्के नवे आले. माझ्या जुन्या पदनामाच्या शिक्क्याचं रबर कापून तो रद्द केला, मूठ तेवढी उरली. बारकीला दात येत होते तेव्हा ती मूठ तिने महिनाभर चावली. त्या खुणांवरून बोट फिरवलं की दुपारचा शीण उतरतो.

एकदा तपासणीत मला सांगण्यात आलं की टेबलावर वैयक्तिक वस्तू नकोत. मी मनीप्लांटची बाटली खिडकीत नेली, मूठ खणात ठेवली. फोटो काचेखाली होता, तो राहिला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याच आठवड्यात पारनेरकडचे एक आजोबा आले. तिसरी खेप होती, रागाने थरथरत होते. मी त्यांचा अर्ज शोधत असताना त्यांची नजर काचेकडे गेली. "गावठीच ना?" म्हणाले. मग त्यांच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचं सांगू लागले, तो लांडग्याला कसा भिडला ते. अर्ज सापडला, त्रुटी होती, ती त्यांना नीट बसून समजावली. चौथी खेप पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी मूठ खणातून काढून परत टेबलावर ठेवली. कुणी काही म्हटलं नाही.

भटक्या कुत्र्यांवरून सध्या चाललेला वाद तू वाचतच असशील. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. चावलेल्या लेकरांच्या आया मी पाहिल्यात, त्यांची भीती खरी आहे. पण एवढे निवारे कुठे आहेत, हा प्रश्न मला झोपू देत नाही. आमच्या कचेरीच्या आवारातल्या दोन कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस मी आणि मामांनी पदरचे पैसे घालून करून घेतली. आपल्या हातात तेवढं होतं.

बारकी आता वर्षाची होईल. पावणेदहाला मला पोचायचं असतं हे तिला कळतं. नऊ वाजले की चपलेवर बसून राहते. शनिवारी बसत नाही. पाच दिवसांचा आठवडा तिला कुणी शिकवला देव जाणे.

तू आठवड्याभरात जे जपशील तेच टेबलावर ठेव, आत्ता दुकानातून काही आणू नकोस. सोबत तिच्या फोटोची एक प्रत पाठवते आहे. तुझ्या टेबलाला काच नसेल तर वहीत ठेव. नाताळात येशील तेव्हा तुझा जुना लोकरीचा स्वेटर आण. घरच्या पडवीत रात्री गार वारा येतो आणि तिला तुझ्या वासाचं काहीतरी हवं असतं.

तुझी,
मावशी

ता. क. पाकिटाचा एक कोपरा ओला दिसेल. डिंक लावताना ती शेजारीच बसली होती.