जू

एका हंगामात आमच्या पांढऱ्या बैलाच्या खांद्याला चट्टा पडला. बाबांनी जू खांद्यावर टाकलं आणि पातुरात सुताराकडे नेलं, सोबत बैलही. सुताराने आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवला, मग जिथे काचत होतं तेवढंच वाकसाने तासलं. वजनात फारसा फरक पडला नसेल. पण डवऱ्याला जुंपल्यावर बैल मान झाडेनासा झाला.

येशूही सुतारच. तो नांगर आणि जू करायचा, असं दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो थकल्याभागल्यांना बोलावतो आणि विसावा देताना आपलं जूही घ्यायला सांगतो. भागलेल्याच्या मानेवर पुन्हा जू कशाला, हा माझा रविवारच्या शाळेतला प्रश्न. त्याचं उत्तर मला सुताराच्या दारात मिळालं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा खांदशेकणी करत. तूप-हळद, पळसाची पानं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना ते खटकलं. विश्वासणाऱ्याच्या घरी हे कशाला? बाबा म्हणाले, "खांदा दुखते बैलाचा, थो शेकाले कोनाले इचारा लागते?" मग आत जाऊन त्यांनी नवा करार आणला आणि गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेची सक्ती होऊ लागली, तेव्हा पौलाने हे पत्र तळमळून लिहिलं. ख्रिस्ताने मोकळं केलंय, आता परत गुलामीच्या जुवाखाली मान देऊ नका, हा त्याचा आग्रह. त्याच अध्यायात तो हेही बजावतो की ही मोकळीक मन मानेल तसं वागायला नाही, प्रेमाने एकमेकांची चाकरी करायला आहे. वडीलधारे वाचून उठले. पटलं की नाही, ते बोलले नाहीत.

पंडिता रमाबाई मला नर्सिंगला अकोल्यात असताना पुस्तकातून भेटल्या. तिथे मिशनचं काम करणाऱ्या जेनी फुलर यांचं इथल्या बायकांच्या हालांवरचं पुस्तक 1900 साली निघालं, त्याला प्रस्तावना रमाबाईंची. त्या धाग्याने मी त्यांची पत्रं वाचली. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती की बाईंनी चर्चची शिकवण निमूट मानावी. बाईंनी 1885 मध्ये कळवलं की पुरोहितांच्या जुवातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसल्याच दुसऱ्या जुवाखाली जाणार नाही. ज्यांच्या आधारावर परक्या देशात दिवस काढायचे, त्यांनाच हे कळवायचं! मला या धैर्यापुढे त्यांची सगळी विद्वत्ता लहान वाटते. आणि ह्याच बाईंनी पुढे दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून शेकडो मुली-विधवा केडगावला आणल्या, मरेपर्यंत त्यांचा भार वाहिला. तो भार त्यांच्या मानेवर कोणी ठेवला नव्हता.

आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मी नोकरी सोडून पातूरला परतले. शेजारणी हळहळल्या, पोर अडकून पडली म्हणाल्या. त्यांची माया मला कळत होती. पण मी अडकले नव्हते. मला जाता येत होतं, म्हणूनच माझ्या राहण्याला अर्थ होता.

यंदा भाचीने बाप्तिस्म्याला नकार दिला. अजून मन तयार नाही म्हणाली. घरात रडारड झाली, पाळकांना बोलावून तिला समजवा असंही ठरत होतं. मी आडवी आले. आपल्या मंडळीत तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देत नाहीत, ते का? माणसाने स्वतः विचारून, स्वतः चालत पाण्यात उतरावं म्हणून ना? मग ती नाही म्हणते तेही ऐकावं लागेल. भाऊ माझ्याशी बोलत नाही. भाची मात्र रविवारी उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते, आणि मंडळी सुटल्यावर मला प्रश्न विचारते. काहींची उत्तरं माझ्याकडे आहेत, काही आम्ही दोघी मिळून शोधतोय.