साग्वारोची खानेसुमारी

ज्या वनस्पतीची लक्षावधी झाडे डोळ्यांसमोर उभी आहेत, जिच्या नावाने एक राष्ट्रीय उद्यान ओळखले जाते, जिचे फूल एका राज्याचे मानचिन्ह आहे आणि जी परवान्यावाचून उपटून नेणे कायद्याने गुन्हा ठरते, त्या वनस्पतीच्या भवितव्याची चिंता वाहणारा मनुष्य लोकांना अकारण भयभीत वाटावा, हे स्वाभाविक आहे. ॲरिझोनातील टूसॉन शहराच्या आसमंतात स्तंभाकार निवडुंगांचा अभ्यास करण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला. 'साग्वारोला काय धाड भरली आहे?' हा प्रश्न मला तेथेही विचारला गेला आणि पुण्याला आलो की येथेही विचारला जातो. त्याचे माझे उत्तर थोडे लांबणीचे आहे.

साग्वारो (स्थानिक उच्चार 'सवारो') हा सोनोरन वाळवंटाचा रहिवासी. ॲरिझोना, मेक्सिकोतील सोनोरा आणि कोलोराडो नदीकाठची कॅलिफोर्नियाची एक चिंचोळी पट्टी एवढाच त्याचा मुलूख. १८४८ साली एंगलमन ह्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे ब्रिटन आणि रोझ ह्यांनी १९०८ साली त्याची स्वतंत्र प्रजाती कल्पून तिला अँड्र्यू कार्नेगी ह्यांचे नाव दिले, कारण त्यांच्याच संस्थेने १९०३ साली टूसॉनजवळच्या टूमामॉक टेकडीवर वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा उभी केली होती. आपल्याकडच्या कुंपणातला चीक गाळणारा त्रिधारी निवडुंग दिसायला त्याचा भाऊबंद वाटला, तरी तो एरंडाच्या कुळातला आहे. दोन दूरच्या भूखंडांवर सारख्याच तहानेने दोघांना सारखे रूप दिले, इतकाच त्यांचा संबंध.

पूर्ण वाढलेल्या साग्वारोच्या खोडावर उभे कंगोरे असतात. पाऊस पडून गेल्यावर त्यांच्यामधल्या पन्हळी फुगून उथळ होतात आणि अवर्षणात पुन्हा आकसून खोल जातात, त्यामुळे जाणत्या माणसाला झाडाच्या पोटातला पाण्याचा साठा त्याच्या घड्यांवरूनच वाचता येतो. बहुतेक मुळे जमिनीखाली वीतभरही खोल नसतात, पण झाडाच्या उंचीइतकी दूरवर पसरून ओझरती सरही टिपून घेतात. दिवसा पर्णरंध्रे मिटलेली असतात. रात्री हवा निवली की ती उघडतात, कर्बवायू आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवतात, आणि उजाडल्यावर बंद दाराआड त्या शिलकेवर अन्न शिजते. रात्र थंड असणे हे ह्या सगळ्या व्यवहाराचे भांडवल आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मे-जूनमध्ये फुलणारे त्याचे मेणासारखे पांढरे फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटते. तेवढ्या अवधीत लांब नाकाची वटवाघळे, पांढऱ्या पंखांचे पारवे आणि मधमाश्या परागांची ने-आण करतात, आणि स्वतःच्या परागाने फळ धरत नसल्यामुळे त्यांच्यावाचून झाडाचे चालत नाही. एका फळात सुमारे दोन हजार बिया असतात. जूनअखेरीस फळे पिकून उकलू लागली की तोहोनो ओऑडम लोक साग्वारोच्याच वाळक्या फासळ्यांच्या लांब काठीने ती उतरवतात, लाल गर आटवून काकवीसारखा पाक करतात आणि त्याचे मद्य करून पावसाला आवाहन करतात. त्यांचे नवे वर्ष ह्याच सुगीपासून धरले जाते. ह्या समाजाच्या विधिमंडळाने २०२१ साली ठराव करून साग्वारोला 'व्यक्ती' मानले. माझ्या अभ्यासाच्या परिभाषेत हा शब्द बसत नाही, परंतु त्या झाडांखाली इतकी वर्षे वावरल्यावर तो मला अतिशयोक्तीचाही वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. साग्वारोचे रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर वाढते. पहिले फूल सुमारे पस्तिसाव्या वर्षी येते, पहिला हात फुटायला पन्नास ते शंभर वर्षे जातात, आणि आयुष्य दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे असते. कोवळे रोप उघड्यावर तगत नाही. पालो व्हर्दे, मेस्किट किंवा आयर्नवुड ह्यांपैकी एखाद्या झाडाच्या सावलीत ते जगते, म्हणून ह्या झाडांना मी धात्रीवृक्ष म्हणतो. रोप शोधायचे तर काट्यांच्या फांद्यांखाली पोटावर सरपटत शिरावे लागते. असे एक रोप मला पहिल्यांदा सापडले, तेव्हा वाटाण्याएवढा तो हिरवा गोळा दोन खड्यांच्या फटीत बसलेला होता, अंगावर केसांसारखे पांढरट काटे होते, आणि वरून टपकलेल्या पालापाचोळ्याची एक काडी त्याच्या माथ्यावर आडवी पडलेली होती. तिच्या भारानेच ते दबेल, असे त्या क्षणी वाटले. त्याचे वय पाच वर्षांच्या आसपास असावे.

ह्या रोपांच्या दुर्मिळतेची तक्रार नवी नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. फॉरेस्ट श्रीव्ह ह्यांनी १९१० सालीच टूमामॉकवर लहान साग्वारो फार थोडे आढळतात असे लिहून ठेवले. १९३३ साली साग्वारोचे राष्ट्रीय स्मारक स्थापन झाले, आणि थोड्याच वर्षांत तेथील जुनी झाडे काळ्या पाझराने कुजून कोसळू लागली. जिवाणूंचा रोग समजून १९४१ च्या सुमारास ३२० एकरांचा एक तुकडा निवडला गेला, त्याच्या अर्ध्या भागातली रोगट झाडे तोडून पुरली आणि अर्धा भाग तसाच ठेवला. पुढे पाहतात तो दोहोंत काहीच अंतर नाही. स्टीनबर्ग आणि लो ह्यांनी अनेक वर्षे खपून दाखवून दिले की, झाडे मुळात १९३७ सारख्या कडाक्याच्या थंडीने गोठून मेली होती आणि जिवाणू केवळ मेलेल्यांची विल्हेवाट लावीत होते. पुढची पिढी उगवली नव्हती, कारण गुरांच्या चराईने आणि सरपणाच्या तोडीने धात्रीवृक्षच नाहीसे झाले होते. चराई थांबली, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पावसाची काही चांगली वर्षे आली, आणि नवी रोपे भरघोस उभी राहिली.

मग तज्ज्ञांची भीती एकदा खोटी ठरली असताना आजच भिण्याचे कारण काय? कारण असे, की तेव्हाचे संकट मागे घेता येण्यासारखे होते. उद्यानाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे दहा हजार साग्वारो तपासले, त्यांत अकरा वर्षांच्या आतली रोपे केवळ सत्तर भरली. १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेले अवर्षण सरलेले नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरात सलग एकतीस दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला, रात्रीही निवेनात, आणि शहरातल्या जुन्या साग्वारोंचे हात गळून पडू लागले. रात्रीच्या श्वासावर जगणाऱ्या झाडाला रात्र नाकारली गेली, की साठवलेले पाणी फार दिवस पुरत नाही.

दुसरे संकट गवताचे आहे, आणि ते मला अधिक लागते, कारण ते गवत आपल्या ओळखीचे आहे. अमेरिकेत ज्याला बफेलग्रास म्हणतात ते म्हणजे आपले अंजन गवत. आमच्या सोलापूरकडच्या बांधावरून वडील बैलांसाठी ते कापून आणीत, आणि दुष्काळात दुभत्या जनावराला तारणारे गवत म्हणून त्याचे गुण गात. आफ्रिका-आशियाच्या ह्या उत्तम चाऱ्याची अमेरिकेच्या सरकारी मृद्संधारण खात्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगल्या हेतूनेच आयात केली. सोनोरन वाळवंटात दोन झुडपांमधली मोकळी जमीन हीच आगीला अडवणारी हद्द असते. अंजनाने ती हद्द भरून काढली. ते स्वतः जळून मुळातून पुन्हा फुटते, परंतु साग्वारोची तशी घडण नाही. बुंध्याशी होरपळलेला साग्वारो काही काळ हिरवा उभा राहतो आणि मग एखाद्या वर्षी कोसळतो, त्यामुळे आगीचा खरा हिशेब आगीच्या वर्षी लागतच नाही.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत साग्वारो 'किमान चिंता' ह्या सदराखाली दाखल आहे. निवडुंगांच्या जागतिक मूल्यमापनात, २०१५ साली, जवळजवळ एकतृतीयांश जाती संकटग्रस्त ठरल्या असताना हा दाखला समाधानाचा वाटतो, आणि उभ्या झाडांची संख्या पाहता तो चुकीचाही नाही. माझा आक्षेप मोजणीच्या रीतीला आहे. पावणेदोनशे वर्षे जगणाऱ्या जातीची खानेसुमारी वडीलधाऱ्यांची डोकी मोजून करू नये, पाळण्यातली मुले मोजून करावी. आज उभे असलेले साग्वारो हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या पावसाचे उत्पन्न आहे.

फिनिक्स आणि टूसॉनच्या परिसरात आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, पाहुण्यांना साग्वारो दाखवायला नेताना जवळच्या पालो व्हर्देखालीही वाकून पाहावे, अंगणात शोभेसाठी परदेशी गवते लावू नयेत, आणि हिवाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या अंजन खणून काढायला निघतात तेव्हा वर्षातला एक रविवार त्यांच्याबरोबर द्यावा. कुदळ तिथे मिळते.