अब्बांच्या कडुलिंबाचा कटोरा

गेल्या मे महिन्यात वादळाने आमच्या अकोटच्या अंगणातला कडुलिंब पाडला. अब्बा मरहूमांनी लावलेला. बाकीचे सरपणात गेले. अम्मींनी बुंध्याचे दोन ओंडके राखले.

अमरावतीच्या खराद्याकडून आम्ही घाईने ओल्या लाकडाचाच कटोरा उतरवून घेतला आणि उन्हात ठेवला. ओले लाकूड बाहेरून आधी सुकते, आक्रसते. आठवड्यात कटोरा काठापासून तळापर्यंत तडकला. चूक आमचीच.

दुसऱ्या ओंडक्याचा मधला गाभा काढून जाडसर कटोरा कातला, सहा महिने सावलीत ठेवला. काठ वाकडा झाला होता. पुन्हा खरादावर चढवून गोल केला, जवसाचे तेल पाजले.

रमजानात त्यात खजूर ठेवली. (कडू लागत नाही, सगळेच विचारतात!) तडकलेला कटोराही अम्मींनी टाकला नाही. त्यात लसूण असतो.