वार्धक्य आणि विसर

वडील माणसांस विसर पडूं लागला कीं ‘वयच झालें’ असें म्हणून बहुतेक कुटुंबांत तो विषय संपतो. परंतु वार्धक्य आणि विस्मृति हीं एकच नव्हेत. आमच्या घरीं आत्याबाईंच्या हातून आमटींत दोनदां मीठ पडूं लागलें, तेव्हां आम्हीं आधीं त्यांचें रक्त तपासून घेतलें. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालें. हें जीवनसत्त्व धान्यांत वा भाजीपाल्यांत नसतें. शाकाहारी घरांत तें मुख्यतः दूध, दहीं, ताक यांतूनच मिळावयाचें. उतारवयांत त्याचें शोषण मंदावतें. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेंही तें घटतें. ह्या उणिवेमुळें आलेला विसर वेळीं उपचार झाल्यास पुष्कळदां ओसरतो. आत्याबाईंस इंजेक्शनांनीं बराच गुण आला.

जेथें कारण निराळें असेल, तेथें मात्र एका औषधानें भागत नाहीं. फिनलंडमध्यें विस्मृतीचा धोका अधिक असलेल्या, ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षें प्रयोग झाला. २०१५ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव व रक्तदाबादिकांवर देखरेख हीं एकत्र लाभलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतील प्रगति, केवळ सामान्य सल्ला मिळालेल्यांहून कांहींशी सरस ठरली.

तेव्हां ‘तुम्ही स्वस्थ बसा’ म्हणून वडिलांच्या हातचें काम काढून घेण्याची घाई करूं नये. भाजी निवडणें, नातवंडांस पाढे शिकविणें त्यांजकडेच असावें. ऐकूं कमी येत असल्यास यंत्र घ्यावें. आणि सायंकाळीं घरांतील कोणीतरी त्यांच्यासमवेत फिरावयास निघावें.