नाताळची वाट आणि चोवीस चिठ्ठ्या

पुणे, ८ नोव्हेंबर

चि. सोनूस,


स्टुटगार्टच्या कुठल्याही दुकानात नाताळपर्यंत रोज एक उघडायची अशा चोवीस खिडक्यांचं चॉकलेटचं कॅलेंडर चार-दोन युरोंत मिळत असताना मुलांसाठी ते घरी करण्याचा खटाटोप कशाला, असं तू विचारतेस. माझं उत्तर, करच. पण ‘हातानं केलेल्यात माया असते’ म्हणून नव्हे. ते म्हणायला बरं वाटतं इतकंच. माया विकतच्या वस्तूतही असते, आणि हातानं केलेलं पुष्कळदा चारचौघांना दाखवण्यापुरतंच असतं. घरच्या कॅलेंडरचा खरा उपयोग वेगळा आहे. वाट मूल पाहतच असतं. हे कॅलेंडर मोठ्या माणसाला त्या वाट पाहण्यात ओढून आणतं. विकतचं कॅलेंडर नेमकी तेवढीच जबाबदारी मोठ्यांच्या अंगावरून काढून घेतं.

ही प्रथा मुळात बाजारात जन्मलेलीच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रॉटेस्टंट घरांत दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढून रोज एक पुसत, किंवा भिंतीवर रोज एक चित्र टांगत. कॅथलिक घरांत रिकाम्या गव्हाणीत रोज गवताची एक काडी ठेवायची, म्हणजे नाताळपर्यंत बाळ येशूचं अंथरूण तयार. हँबुर्गला योहान हिन्रिख विखेर्न या धर्मोपदेशकानं १८३९ साली निराधार मुलांच्या आपल्या आश्रमात एका लाकडी चाकावर मेणबत्त्या मांडल्या. नाताळआधीच्या चार रविवारांच्या चार मोठ्या, बाकीच्या दिवसांच्या छोट्या. रोज एक जास्त पेटायची आणि सण किती जवळ आला ते मुलांना डोळ्यांनी दिसायचं. टोमास मानच्या ‘बुडेनब्रोक्स’ या १९०१ च्या कादंबरीत छोट्या हानोला असंच घरी केलेलं कॅलेंडर मिळतं, शेवटच्या पानावर नाताळचं झाड काढलेलं. या सगळ्या तऱ्हांमध्ये एक गोष्ट समान आहे. रोज कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही, आणि निदान मेणबत्तीपाशी तरी मोठं माणूस हजर असावंच लागतं.

छपाई आल्यावर हे हळूहळू सुटत गेलं. म्युनिकच्या गेऱ्हार्ट लांगनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडर काढलं. लहानपणी त्याच्या आईनं पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं लावून दिली होती, असं सांगतात. त्याच्या पहिल्या कॅलेंडरला खिडक्या नव्हत्या. एका कागदावर चोवीस चित्रं, दुसऱ्यावर चोवीस कविता. रोज एक चित्र कापायचं आणि त्या दिवसाच्या कवितेवर चिकटवायचं. उघडायच्या खिडक्या पुढे १९२० च्या सुमारास आल्या. चॉकलेटचा सुळसुळाट तर फारच अलीकडचा. ब्रिटनमध्ये कॅडबरीचं पहिलं कॅलेंडर १९७१ चं. आधी कात्री आणि खळ, मग एक बोट, मग नुसतं तोंड. चोवीस हा आकडासुद्धा छापणाऱ्याला सोयीचा पडला बरं का. नाताळची वाट पाहण्याचा जो ख्रिस्ती आगमनकाळ, त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही येतो, त्यामुळे तो काळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ दिवसांचा. छापखान्याला दरवर्षी चालणारा एकच साचा बरा पडतो. तुला ती सक्ती नाही.

यावर कुणी म्हणेल, घरगुती म्हणजे आपोआप चांगलं का? मुळीच नाही. नाझी राजवटीत पक्षानं स्वतःचं ‘नाताळपूर्व’ कॅलेंडर काढलं. ख्रिस्ताला त्यात जवळजवळ थारा नव्हता. घरी करायच्या वस्तू, गाणी, खाऊच्या कृती मात्र होत्या. आयांनी मुलांना जवळ घेऊन कागद कापत बसावं हे त्या राजवटीलाही हवंच होतं. उलट युद्धानंतर, १९४६ साली, तुझ्याच गावात रिखार्ड झेल्मरनं ‘छोटं शहर’ नावाचं साधं छापील कॅलेंडर काढलं, ते बाजारातलं असूनही निर्मळ होतं. तेव्हा माझा वाद बाजाराशी नाही. मोठी माणसं त्या चोवीस दिवसांत मुलांबरोबर काय करतात, एवढंच मी पाहते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो तू मांडला नसलास तरी मनात असेलच. हे सगळं करणार कोण? हानोचं कॅलेंडर त्याच्या आईनं केलेलं नाही, ते मुलांना सांभाळणाऱ्या इडा युंगमाननं केलं, आणि इडा पगारी होती. घरगुती परंपरांच्या मागे बहुधा कुणातरी बाईचा न मोजलेला वेळ असतो. चोवीस पुड्या, चोवीस खेळणी, रात्री जागून बांधलेल्या चोवीस फिती असं तू करणार असशील, तर नकोच. सरळ चॉकलेटचं आण. मी म्हणते ते चिठ्ठ्यांचं कॅलेंडर. एक दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि घडी घातलेले कागद. निम्म्या चिठ्ठ्या जावईबापूंनी लिहायच्या, आणि दोन-चार मुलांनी तुमच्यासाठी. तिकडची पद्धत चिठ्ठ्यांना मजकूरही आयता पुरवते. ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, चेरीची फांदी कापून पाण्यात ठेवतात. घरातल्या उबेत ती नाताळच्या सुमारास फुलते. म्हणजे त्या एका चिठ्ठीचं काम पुढचे वीस दिवस चालतं, पाणी बदलायचं, कळ्या बघायच्या. ५ च्या रात्री बूट घासून दाराशी ठेवायचे, ६ ला संत निकोलाऊस त्यात अक्रोड, संत्री टाकून जातो. एखाद्या दिवशी बिस्किटं भाजून शेजारी नेऊन द्यायची, एखाद्या दिवशी दिवे मालवून गोष्ट, एखाद्या दिवशी आजोबांना फोन. यातलं काहीच मूल एकट्यानं उरकू शकत नाही, आणि मी म्हणते तो फायदा तोच.

मुलांना संयम शिकवायला म्हणून मात्र हे करू नकोस. आत्ता एक मिठाई की थोडं थांबून दोन, या वॉल्टर मिशेलच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगावरून थांबणारी मुलं पुढे आयुष्यात वर जातात असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली तोच प्रश्न पुष्कळ जास्त मुलांवर तपासला, तेव्हा तो संबंध बराच क्षीण दिसला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर फारच थोडा उरला. धाकट्यानं एका दिवशी दोन चिठ्ठ्या उघडल्या तर ओरडू नकोस. चॉकलेट एका घासात संपतं. उद्याची ‘बूट घासायचे’ ही चिठ्ठी आज उघडून त्याच्या हाती काय लागणार? वर्गातल्या कुणाच्या कॅलेंडरात रोज नवं खेळणं निघतं ही कुरकुर ऐकावी लागेलच. ऐकून घे.

राहिला ‘आपण तर हिंदू’ हा आक्षेप. वसईच्या मराठी कॅथलिक घरांना आगमनकाळ परका नाही, आणि चातुर्मासात रोजचा एक नेम धरणाऱ्या घरांना त्याची रीत समजायला जड जाऊ नये. पण ‘हा नुसता गमतीचा खेळ’ असं मुलांना सांगू नकोस. हे ख्रिस्ती लोकांचं येशूच्या जन्माची वाट पाहणं आहे, आपण त्यांच्या गावात राहतो आणि त्यांच्याबरोबर वाट पाहतो, एवढं सरळ सांगितलंस की पुरे. मुलांना ते कळतं. अडतं ते मोठ्यांचं.

चेरीचं झाड कुणाच्या बागेत आहे त्याची चौकशी आत्ताच करून ठेव, आणि विचारल्याशिवाय फांदी तोडू नकोस. चिमटे लाकडीच घे. जावईबापूंना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
मावशी