ओढलेल्या दिशेला आखडणारं वर्तुळ

अणुभट्टीतून बाहेर पडणारा हेलियम 950 अंश सेल्सिअस तापलेला असेल, तर त्याची उष्णता घेणाऱ्या नळ्या कशाच्या करायच्या? जपानमध्ये ओआराईच्या प्रायोगिक भट्टीने 2004 साली हे तापमान गाठलं. इतक्या उष्णतेत निकेलचे मिश्रधातूसुद्धा लांबत राहतात. भार वाढवला नाही तरी लांबी वाढतच जाते. याला आम्ही क्रीप म्हणतो. त्या वेळी धातूच्या आत काय घडतं, ते क्ष-किरणांनी पाहणं हे माझं काम.

बहुतेकदा हातात असतो तो 617 नावाचा मिश्रधातू: निकेलमध्ये सुमारे 22 टक्के क्रोमियम, 12 टक्के कोबाल्ट आणि 9 टक्के मॉलिब्डेनम. अमेरिकी अभियांत्रिकी संहितेने त्याला 950 अंशांपर्यंत, 1 लाख तासांसाठी मान्यता दिली आहे. म्हणजे साधारण साडेअकरा वर्षं. अणुभट्टी त्याहून कितीतरी जास्त चालवायची असते. पुढच्या वर्षांचा अंदाज केवळ आलेखाची रेघ लांबवून बांधणं मला पटत नाही. धातू का लांबतो हे कळल्याशिवाय त्या रेघेवर विश्वास कसा ठेवायचा?

स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून क्ष-किरण ठरावीक कोनांतच परततात (हेच विवर्तन) आणि त्या कोनावरून थरांमधलं अंतर कळतं. ब्रॅग पितापुत्रांना 1915 चं नोबेल याच कामासाठी मिळालं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या नळीचे किरण मात्र निकेलमध्ये दहा-वीस मायक्रॉनच शिरतात, आणि तापलेल्या नमुन्यावर तिथे ऑक्साइडचा थर चढलेला असतो. म्हणून सिंक्रोट्रॉन लागतो. शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या, सुमारे 1.1 किलोमीटर घेराच्या यंत्रातून निघणारे जोरकस किरण मिलिमीटरभर जाडीचा नमुना आरपार भेदतात. भट्टीत तापवत, ओढत असतानाच तो आतून पाहता येतो.

समोरच्या पडद्यावर एकात एक वर्तुळं उमटतात. भार दिला की ती किंचित लंबगोल होतात, आणि गंमत म्हणजे ज्या दिशेला ओढावं त्याच दिशेला आखडतात: थर दूर गेले की कोन लहान होतो. धातू असंख्य छोट्या स्फटिककणांचा बनलेला असतो; प्रत्येक वर्तुळ वेगवेगळ्या दिशेला बसलेल्या कणांचं असतं, आणि सगळे कण सारखे ताणले जात नाहीत. पालखीच्या एका भोयाने खांदा सैल सोडला की भार बाकीच्यांवर येतो, तसं एका गटाचे कण घसरू लागले की त्यांचा भार शेजाऱ्यांवर जातो. ही वाटणी लांबी मोजणाऱ्या यंत्राला कधीच दिसत नाही. मला या तंत्राचं सगळ्यात मोठं मोल इथे वाटतं.

खरी परीक्षा तापमानाची. 950 अंशांना 20 मेगापास्कल ताण दिला, तर थरांमधलं अंतर दहा लाखांत सुमारे 140 भागांनीच वाढतं. तापमान आठेक अंशांनी हललं तरी नुसत्या प्रसरणाने तेवढाच फरक पडतो! म्हणून तापमान मोजणारा थर्मोकपल कुठे चिकटवला आहे हे मी आधी विचारते, आलेख नंतर बघते. दुसरी अडचण कणांच्या आकाराची. क्रीप रोखायला कण मुद्दाम मोठे ठेवतात, त्यामुळे किरणाच्या वाटेत मोजकेच येतात आणि वर्तुळाऐवजी सुटे ठिपके दिसतात. मग नमुना थोडा थोडा फिरवत मोजावं लागतं.

थंड धातू वाकवला तर आत डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधले दोष, साचतात आणि विवर्तनाची शिखरं, म्हणजे वर्तुळांच्या तीव्रतेच्या आलेखातली टोकं, रुंदावतात. खूप तापलेल्या धातूत हेच दोष जागच्या जागी विरत जातात. नमुना भरपूर लांबलेला, तरी शिखरं अरुंदच. नवे विद्यार्थी ते पाहून ‘काही झालंच नाही’ म्हणतात. झालेलं असतं, फक्त त्याची खूण पुसली गेलेली असते. कणांच्या सीमांवर पडणारी सूक्ष्म भोकं तर शिखरांत दिसतच नाहीत, आणि नळी शेवटी बहुधा तिथूनच फुटते. म्हणून विवर्तनाचं काम संपलं की तोच नमुना कापून, घासून आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो.