स्वस्तातला सेल

रात्री उठावं लागलं तर, म्हणून आईच्या उशाशी टॉर्च असतो. त्याचा सेल गेला. ऑफिस सुटल्यावर साकीनाक्याला मेट्रोच्या जिन्यापाशी एका टपरीवर मिळाला. १८६५० साइझ, वर छापलेलं ९,९०० एमएएच आणि किंमत फक्त दीडशे! (ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, पण तिच्यातही बऱ्याचदा हाच सेल असायचा.)

आई म्हणाली, "इतका हलका कसा गं?"

किचनच्या काट्यावर ठेवला. २८ ग्रॅम! चांगला सेल ४५ च्या आसपास भरतो. आणि ९,९०० म्हणजे शुद्ध थाप. या साइझमध्ये साडेतीन-चार हजारांच्या वर मावतच नाही. शिवाय चार्जिंगला चांगलाच तापला.

दुसऱ्या दिवशी बीआयएसचा नंबर बघून, बिल घेऊन नवा आणला. दुपटीहून महाग पडला. जुना बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात आहे, ई-कचऱ्यात द्यायचाय.